उत्तरेचे दार

ही गोष्ट मी गावात कुणाला सांगितलेली नाही.

वाळवंटीच्या काठी आमच्या सातेरीचे देऊळ.
उत्तरेचे दार एकवीस वर्षे बंद.
दोन घराण्यांचा तंटा,
आधी पालखीचा मान कुणाचा, मग किल्ली कुणाची,
शेवटी किल्ली मामलेदाराच्या कपाटात
आणि कुलपाच्या भोकात कुंभारमाशीचे घर.

मी अग्निशमन दलातून निवृत्त.
जळलेली घरे मोजत तीस वर्षे गेली.
समितीने सुरक्षेचे काम माझ्या गळ्यात घातले.
"बाबनी, तू जाणतोस," म्हणाले,
म्हणजे चार लाल नळकांडी टांग आणि गप्प बस.

दिवजांच्या आधी पंधरा दिवस
मी बायकांना बोलावले. हातात न पेटवलेली दिवजे.
शिट्टी फुंकली : बाहेर!
पूर्वेच्या एका दारातून तीनशे बायका,
चार मिनिटे दहा सेकंद.
कारण पहिली वाकली उंबरठ्याला हात लावायला,
मग दुसरी, मग तिसरी,
आणि सुलक्षा, देवीकडे पाठ कशी करू म्हणून
उलट्या पावलांनी चालत होती.
सगळे हसले. मीही, थोडेसे.
नायलॉनच्या साडीला चार मिनिटे लागत नाहीत.

बैठकीत दत्तारामभाऊ म्हणाले, "देवी राखता."
राखते. मी कुठे नाही म्हणतो?
पण जी वारुळात राहते
तिच्या घराला एकच दार आहे का, भाऊ?
मुंग्यासुद्धा आत जाताना
बाहेरची वाट करून ठेवतात.
बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.
मग ठरले, कौल लावू.

मामलेदाराच्या कारकुनाने सही घेऊन किल्ली दिली,
ती फिरेना.
पलीकडच्या वाड्यावरून कायतान सुतार आला,
तेलाची कुपी आणि कानस घेऊन.
म्हणाला, "फेस्ताला चेंगराचेंगरी होता होता वाचली,
तेव्हा आमच्या कपेलाच्या बिजागऱ्या मी उलट्या बसवल्या.
लोक ढकलतात बाहेर, दार उघडते आत,
देवाने तरी कुणाचे ऐकायचे?"

कौलाच्या सकाळी भटजींनी पाषाणाला
पिटकोळीच्या ओल्या कळ्या लावल्या.
उजवी पडली तर दार उघडायचे, डावी पडली तर नाही.
अर्धा तास. पाऊण तास.
कळ्या चिकटून. कुणाचा तरी फोन वाजला, दटावला गेला.
मी मागे, कायतानला बॅटरी धरायच्या निमित्ताने.
कट् झाले. कुलूप सुटले.
थांबायला हवे होते.
मी खांदा लावला.

नदीकडचा वारा एकवीस वर्षांनी आत आला,
समईच्या वाती एका बाजूला झुकल्या
आणि उजवी कळी पडली.

सगळ्यांचे हात जोडलेले.
कायतानने माझ्याकडे बघितले,
कपाळावरून छातीवर खूण केली
आणि कुपीचे बूच घट्ट लावले.
तो वारा कुणाचा, मी अजून ठरवलेले नाही.

दिवजांच्या रात्री उंबरठ्यावर दोन्हीकडून उतरत्या फळ्या,
खांबाखांबाशी ओले गोणपाट,
उत्तरेच्या दाराशी पाठीला पाठ लावून
दोन्ही घराण्यांतले एकेक पोर.
साडेनऊला सुलक्षाच्या नातीची ओढणी पेटली.
गोणपाट, सहा पावले, ओसरी, विहीर.
ढोलाचा ठेका चुकला नाही.
पुढच्या रांगेला कळलेच नाही,
आणि पेपरात छापून येण्यासारखे काही नव्हते.

सकाळी दारापासून विहिरीपर्यंत
सांडलेल्या तेलाचा एक काळा ओघळ.
झाडूवाली प्रेमावती नारळाची शेंडी घेऊन घासायला बसली.
मी म्हटले, असू दे गो तो.
"कशाला?"
मला सांगता येईना.
"देऊळ आहे हे," म्हणाली,
आणि पुसून टाकला.